फातमा बेगमची कंपनी

(महापे येथे कामगार महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



1913 साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नाही; ते काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याच चित्रपटाची फिल्म सरस्वतीबाई फाळके घरी धूत होत्या, तिला भोके पाडत होत्या आणि कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही करत होत्या, हे त्या मानाने कमी ऐकलेले. आणि फातमा बेगम तर बहुतेकींना माहीतच नसते.

ती उर्दू रंगभूमीवरची नटी. 1922 मध्ये 'वीर अभिमन्यू'तून सिनेमात आली. 1926 मध्ये खाडीपलीकडे मुंबईत तिने स्वतःच्या नावाने 'फातमा फिल्म्स' ही कंपनी काढली आणि 'बुलबुले परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. पऱ्यांची गोष्ट, म्हणजे कॅमेऱ्याच्या करामती आल्या, खर्च आला. भारतातली ही पहिली स्त्री दिग्दर्शक. तिच्याविषयी लिहिणारे मात्र सचिनच्या नवाबाशी तिचे लग्न झाले होते की नव्हते, यातच रमतात. कंपनीचा हिशोब ती कसा ठेवत असेल, असे कुणाला विचारावेसे वाटत नाही!

त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये डोरोथी आर्झनर होती. 1919 मध्ये ती स्टुडिओत पटकथा टाइप करायला लागली. मग फिल्म कापणे-जोडणे शिकली. दुसरीकडे जाईन असे बजावले, तेव्हा कुठे 1927 मध्ये तिला दिग्दर्शन मिळाले. 1929 मध्ये, बोलपट नवे असताना, नटीला मोकळेपणी फिरता यावे म्हणून तिने मायक्रोफोन मासे धरायच्या काठीला टांगला. हातात काम असलेल्या बाईलाच असे सुचते, हे इथल्या तुम्हा सगळ्यांना सांगायला नको. 1943 पर्यंत ती मोठ्या स्टुडिओंतून चित्रपट करत होती, आणि त्यातली बरीच वर्षे तिथे दुसरी बाई दिग्दर्शक जवळजवळ नव्हतीच.

आर्झनर पगारी होती, फातमा मालकीण होती. हा फरक मला फार मोठा वाटतो. मालकिणीला परवानगी मागावी लागत नाही, पण बुडाली तर तीच बुडते. 1929 च्या 'गॉडेस ऑफ लक'नंतर तिच्या दिग्दर्शनाचा चित्रपट आढळत नाही. 1931 मध्ये 'आलम आरा' आला, त्यातली नायिका जुबेदा ही फातमाचीच मुलगी. आवाजाची यंत्रे आली, भांडवल वाढले. फातमा पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांत नटी म्हणून कामे करत राहिली. 1983 मध्ये ती वारली.

'बुलबुले परिस्तान'ची एकही प्रत उरलेली नाही. आपल्याकडच्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी जेमतेम तीसेक आज शिल्लक आहेत. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकत असत. पुण्याचे चित्रपट संग्रहालय निघाले ते 1964 मध्ये. पुरुषांचे चित्रपटही गेलेच, पण त्यांच्याबद्दल निदान कुणी लिहून ठेवले होते.

म्हणून जेवणानंतरच्या बैठकीत, या पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे काढली त्यांनी बोलायचे आहे. कोणत्या यंत्रावर होतात, काम कुणी शिकवले, तुम्ही कुणाला शिकवले, सगळे सांगा. फोनवर ध्वनिमुद्रण करू आणि दोघीजणी वहीत उतरवूनही घेतील. कारखान्याचे नाव नको असेल तर ते गाळू, पण तुमचे नाव मात्र पूर्ण सांगा.