सटवाईचें लिहिणें
(हरसूल येथें पालकांपुढें केलेलें भाषण)

मायबापहो, गणित चुकलें कीं पोर आम्हांस म्हणतें, "सटवाईनें लिहिलेंच नाहीं, गुरुजी." हें तें घरीं शिकलें. नागली करपली तरी आपण कपाळालाच बोल लावतों. मग पोरानें उमेद कोठून आणावी? (आम्ही मास्तरही, "तुझ्यानें व्हायचें नाहीं," असें म्हणून चुकलों आहों.)

जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं १८७४ सालीं एका ब्राह्मण विधवेचें मूल दत्तक घेतलें. लोक नांवें ठेवीत. घरांत तो यशवंतच होता. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत आईनें रोगी आणावे, त्यानें औषध द्यावें. त्याच साथींत आई गेली.

आज घरीं पोराची पाटी मागा. वाचतां येत नसलें तरी मागा.