भाग २३ : फ्लॅट की कंपाउंड? रियाधमधलं घर निवडताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. सुट्टीवर गावी आलोय, त्यामुळे रेकॉर्डिंग श्रीरामपूर तालुक्यातल्या घरून केलंय. कारखाने सुरू आहेत, मधूनमधून उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येतो. तो कापलेला नाही, समजून घ्या.

गेल्या महिन्यात सौदीत नोकरी लागलेल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला. फ्लॅट घ्यावा की कंपाउंडमध्ये राहावं? मी दोन्हीकडे राहिलोय, आणि पहिल्यांदा चुकलोय. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी शब्द समजून घेऊ. आपल्याकडे कंपाउंड म्हणजे शेताला घातलेलं कुंपण. तिकडे कंपाउंड म्हणजे उंच भिंतीच्या आतली अख्खी वसाहत. गेटवर पहारा, आत सामानासकट घरं, पोहण्याचा तलाव, मुलांना खेळायला जागा, छोटं दुकान, बाजाराला नेणारी बस. राहणारे बहुतेक परदेशी.

हे सुरू झालं तेलापासून. १९३८ साली दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागलं आणि शेजारी धहरानला अमेरिकन कामगारांची वसाहत वाढत गेली. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, पुढे जिल्हाभर कारखाने झाले, आणि कारखाना आला तिथं कॉलनी आली. माझे वडील जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात फिटर होते. मी कॉलनीतच वाढलो. गेट, वॉचमन, भोंगा, आत शाळा, आणि भिंतीपलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या. म्हणजे कंपाउंड मी पाहिलेलं होतं, फक्त नाव वेगळं होतं.

रियाधच्या कंपाउंडांच्या भिंतींना आणखी एक इतिहास आहे. १२ मे २००३ च्या रात्री तिथल्या तीन कंपाउंडांवर गाड्यांतून बॉम्बहल्ले झाले आणि नोव्हेंबरमध्ये आणखी एका कंपाउंडवर. त्यानंतर पहारे कडक झाले. आज शहर बरंच बदललंय. २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवतात, १ डिसेंबर २०२४ ला मेट्रो सुरू झाली. त्यामुळे 'बाहेर राहणं सुरक्षित नाही' हे जुनं कारण आता एवढं लागू पडत नाही. मग ठरवायचं कशावर?

मी ठरवलं पैशावर. वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून आम्ही गावात घर बांधलं. त्याचं कर्ज दोन वर्षांत फेडायचं, हे मनात पक्कं होतं. कंपनीचा घरभत्ता वर्षाला ४५,००० रियाल. मी जुन्या वस्तीत ३८,००० चा फ्लॅट घेतला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सात हजार वाचले म्हणून खूश होतो.

त्या वेळी दोन खर्च माझ्या लक्षात आले नव्हते. एक, तिकडे फ्लॅट बहुतेक वेळा रिकामा मिळतो. एसी, फ्रिज, शेगडी, पलंग, सगळं आपलं आपण. दोन, कुटुंब नेलं की प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल सरकारी फी, म्हणजे वर्षाला ४,८००. वाचलेले सात हजार तिथंच संपले.

पण खरी चूक पैशांत नव्हती. मार्च २०२४ मध्ये बायको आली. ती फार्मासिस्ट, इकडे संगमनेरला दुकानात दिवसभर माणसांत असायची. तिकडे मी सकाळी सातला जायचो, संध्याकाळी सातला यायचो. जिन्यात समोरासमोर दोन दारं. शेजाऱ्यांना ती चपलांवरून ओळखायची, चेहरा कधी पाहिला नाही. खिडक्यांना दुधी काच. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, फुटपाथवर गाड्या लावलेल्या. त्यात तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. चालायचं कुठे? ती बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत फेऱ्या मारायची.

ऑगस्टमध्ये किराण्याचं बिल शोधताना मागच्या बाजूला तिचं अक्षर दिसलं. 'रविवार, कोणी नाही. सोमवार, गॅसवाला. मंगळवार, कोणी नाही. बुधवार, कोणी नाही. गुरुवार, आईचा फोन.' आठवड्यात कोणाशी बोललो, त्याची यादी. मी त्यात नव्हतो.

विचारलं, हे काय? तर म्हणाली, "अहो, काही नाही. बोलायला विसरले तर नाही ना, हे बघत होते." आणि मग शांतपणे म्हणाली, "मी बाळंतपणाला गावी जाते. परत यायचं का, ते नंतर बघू."

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा भाड्याचा हिशेब तासांत केला. मी त्या घरात जागा असायचो दिवसाला चार-पाच तास. ती चोवीस तास. आणि घर निवडलं होतं मी, ऑफिसच्या अंतरावर आणि माझ्या कर्जावर.

सप्टेंबरमध्ये आम्ही कंपाउंडमध्ये गेलो. एका बेडरूमचं घर, ८०,००० रियाल. म्हणजे फ्लॅटपेक्षा वर्षाला ४२,००० जास्त, आपले साधारण सव्वानऊ लाख रुपये. वडिलांना फोनवर सांगताना जीभ जड झाली. कर्ज एक वर्ष पुढे जाणार होतं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बँक थांबंल. पोरीला एकटं ठेवू नको."

कंपाउंडने काय दिलं? झाडांखाली चालायला रस्ता दिला. शेजारच्या कराचीच्या काकू दिल्या, ज्यांनी बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं. बाळंतपणाला गावी जाणं रद्द झालं, उलट आईच व्हिजिट व्हिसावर तीन महिने आली. गेटमधून आत येताच म्हणाली, "ही तर आपली कॉलनीच की रे!" दोन दिवसांनी विचारलं, "इथंही नोकरी गेली की खोली सोडायची का?"

आईने नेमकं दुखरं ठिकाण धरलं होतं. बऱ्याच कंपाउंडांत करार कंपनीच्या नावावर होतो. आमचाही तसाच होता, वरचे पैसे माझ्या पगारातून कापले जात. नोकरी बदलली की घरही जातं. कॉलनीतून बाहेर पडताना वडिलांचा चेहरा कसा झाला होता, ते मला आठवलं.

आणि कंपाउंडने काय घेतलं? बस आठवड्यातून दोनदा, तिच्याच वेळेला. आतलं दुकान महाग. आणि वर्षभरात आम्ही अरबीची दहा वाक्यंही शिकलो नाही. भिंतीपलीकडे शहर होतं, आपल्याच देशातली बांधकामावरची पोरं राहात होती, आम्हाला त्यातलं काही दिसायचं नाही. लहानपणी कोप्या तरी दिसायच्या.

वर्ष संपल्यावर पुन्हा फ्लॅट घेतला. पण या वेळी घर तिने निवडलं. तळमजला, मेट्रो स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, बाग जवळ, इमारतीत चार भारतीय कुटुंबं. ४६,००० रियाल, करार सरकारच्या 'इजार' प्रणालीत नोंदवून माझ्या नावावर. २५ सप्टेंबर २०२५ पासून रियाधमध्ये पाच वर्षं भाडेवाढीला बंदी आहे, त्यामुळे हा आकडा निदान हलणार नाही. तिने ड्रायव्हिंगचा परवाना काढला. आता मला ऑफिसला तीच सोडते, कारण गाडी तिला लागते.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं. एकटे जात असाल तर फ्लॅट घ्या, जास्त विचार करू नका. कुटुंब नेत असाल तर भाडं विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. जो माणूस दिवसभर घरात राहणार, त्याला दुपारी चार वाजता पायी कुठं जाता येईल? त्याला समजेल अशा भाषेत बोलणारं कोण आहे? आणि करार कोणाच्या नावावर आहे? घर बघायला रात्री ऑफिस सुटल्यावर जाऊ नका. भर दुपारी जा, आणि बायकोला सोबत न्या. ती अजून इकडेच असेल तर व्हिडिओ कॉलवर जिना, समोरचं दार, रस्ता, सगळं दाखवा. पहिलं वर्ष, त्यातही बाळ येणार असेल तर, जमत असल्यास कंपाउंड घ्या. त्याला उधळपट्टी समजू नका.

कर्ज अजून संपलेलं नाही. या मार्चमध्ये संपायला हवं होतं, आता पुढच्या मार्चपर्यंत जाईल. वडील त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. आत्ता नातवाला घेऊन ट्रॅक्टर दाखवायला रस्त्यावर गेलेत.

पुढच्या भागात इकामा आणि नोकरी बदलण्याबद्दल बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू, रामराम.