सांध्याचं दुखणं

अवजारं बनवणारे, दुरुस्त करणारे माझे व्यवसायबंधू,

रोटाव्हेटरपासून मल्चरपर्यंत सगळ्यांचा आढावा घ्या, असं तासगावच्या संयोजकांनी मला अध्यक्ष म्हणून सांगितलं होतं. तो छापील भाषणात आहे, घरी वाचा. मला आज एकाच सांध्याविषयी बोलायचंय.

द्राक्षबागेत औषध फवारायला ओढायच्या ब्लोअरला आपण ट्रॅक्टरची ताकद पोचवणारा पीटीओ शाफ्ट देतो, दोन्ही टोकांना सांधे म्हणून साधे क्रॉस. शाफ्ट सरळ असेतोवर सगळं गोड. वाकला की साधा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा मागं पडतो, दोनदा पुढं पळतो. ट्रॅक्टरकडून मिनिटाला 540 फेरे इमानानं येतात. 30 अंशांत क्रॉसपलीकडचा वेग 468 ते 624 असा हेलकावतो, 45 अंशांत 382 ते 764. दोन्हीकडचे कोन सारखे आणि क्रॉस धरणारे योक एका रेषेत असले, तर एकाची चूक दुसरा खोडतो. पण बांधाशी वळताना कोन सारखे राहतात कुठं? आणि शाफ्ट ओढून काढल्यावर परत कसा बसवला, हे बघतं कोण?

सकाळी इथं एकमत झालं: वळताना पीटीओ बंद करावा, चालकाला प्रशिक्षण द्यावं. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. एका बागायतदाराचा क्रॉस एकाच हंगामात दोनदा तुटला. छाटणी झालेली, वर पाऊस, बागेत डाऊनी रोग. मी जाड क्रॉस घातला, तर ब्लोअरच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट गेला. पुन्हा साधा घातला आणि म्हणालो, ड्रायव्हर बदला. बागायतदार शांतपणे म्हणाला, "मालक, तुम्हीच बसा की."

बसलो. नऊ फुटांवरच्या ओळी, म्हणजे एकराला तेवीसेक वळणं. पाच वळणं पीटीओचा लिव्हर ओढला. दर वेळी पंखा परत उचलताना ट्रॅक्टर दचकायचा. सहाव्या वळणाला कंटाळलो, पीटीओ चालूच ठेवला. उतरून बघतो तर क्रॉसचे दोन तुकडे. त्या माणसानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, तेच अजून बोचतं.

यावर सीव्ही जॉइंट आहे. दोन क्रॉस जवळजवळ, मधे केंद्र धरणारी रचना. वळण दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं आणि वेग समान राहतो. ट्रॅक्टरकडच्या टोकाला बसवला तर 80 अंशांचं वळण क्षणभर सोसतो. जड आहे, महाग आहे, ग्रीसही जास्त मागतो. पण 1983 साली आलेल्या छोट्या मारुतीच्या पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंट होते! गावोगावचे मेकॅनिक ते उघडून बसवायला शिकले. मग शेतकऱ्यालाच ते झेपणार नाहीत, हे कुणी ठरवलं? लोखंडानं जमीन नासते म्हणणाऱ्यांना शेजारच्या किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकले. आपण क्रॉस विकतो, दर हंगामाला. राग आला तर येऊ द्या. माझ्याही गल्ल्यात ते पैसे आहेत.

ओढायच्या ब्लोअरला हा सांधा जास्तीचे पैसे न मागता मूळ किमतीतच द्यावा, एवढंच म्हणणं. त्यासाठी समिती नेमू, चाचणीचंही बघू; कोण, कधी, ते जेवणानंतर.

बाहेर टेबलावर दोन शाफ्ट वाकवून आवळलेत, एक साधा, एक सीव्हीचा. जेवायला जाताना दोन्ही शाफ्ट हातानं फिरवून बघा.