कंपवात आणि दमसासाचा व्यायाम
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यान शिक्षणावर किंवा विवाहातील खर्चावर असावे, असा आपला प्रघात आहे. यंदा मंडळाने आरोग्याचा विषय मागितला, आणि मी कंपवात निवडला. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु या रोगाच्या बाबतीत आपल्या घरांतून दोन गोष्टी सर्रास घडताना दिसतात. एक, रोग्यास लपविणे. दुसरी, रोग्यास बसवून ठेवणे. पहिली लाजेपोटी घडते आणि दुसरी मायेपोटी. लाजेने होणारे नुकसान सर्वांस दिसते. मायेने होणारे कोणास दिसत नाही. म्हणून आजचे बोलणे मुख्यतः दुसरीविषयी आहे.

प्रथम रोग काय ते पाहू. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला. त्यावरून तिला पार्किन्सनचा आजार हे नाव पडले. आपल्या आयुर्वेदास कंपवात पूर्वीपासून परिचित आहे. मेंदूच्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू नाश पावतात. डोपामिन नावाचे जे द्रव्य त्या निर्माण करतात, ते कमी पडू लागते आणि शरीराच्या हालचालींवरील ताबा सुटत जातो. हात स्वस्थ असता थरथरतो, स्नायू ताठरतात, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, चेहरा निर्विकार दिसू लागतो, चालताना एक हात हलेनासा होतो. काही रोग्यांस कंप मुळीच नसतो. त्यामुळे घरची माणसे ‘आळस आला’, ‘वय झाले’ असे म्हणून वर्षे घालवितात.

आता लाजेविषयी दोन शब्द. घरात मंगलकार्य निघाले की थरथरणाऱ्या आजोबांस मागच्या खोलीत बसविले जाते. पाहुण्यांस वाटेल की हे व्यसनाचे फळ आहे, किंवा घराण्यात रोग आहे आणि मुलीचे जमणार नाही, ही त्यामागील भीती. बंधूंनो, कंपवात व्यसनाने होत नाही. तो संसर्गजन्य नाही. बहुसंख्य रोग्यांत तो आनुवंशिकही नसतो. थोड्याच घराण्यांत तसा संबंध आढळतो. आजोबांच्या हाताच्या कंपावरून नातीची सोयरीक मोडणे हे अज्ञान आहे. आपल्या वधू-वर मेळाव्यात हे एकदा स्पष्टपणे सांगितले जावे, अशी माझी मंडळास विनंती आहे.

मायेचा प्रकार निराळा. सून म्हणते, “मामंजी, आपण उठू नका, मी पाणी आणते.” मुलगा म्हणतो, “बाबा, पडाल. बाहेर जाऊ नका.” हेतू शुद्ध असतो. पण जो स्नायू आधीच ताठरला आहे, त्यास खुर्चीत बसवून ठेवले तर तो अधिकच ताठरतो. पाय दुर्बल होतात, तोल जातो, बद्धकोष्ठ वाढते, झोप बिघडते, मन खचते. पडण्याच्या भयाने बसविलेला मनुष्य अखेर बसल्यामुळेच पडू लागतो.

यावर उपाय म्हणून वैद्यकशास्त्र आज औषधाच्या जोडीने व्यायामाचे नाव घेते. आणि तोही नुसता हातपाय ताणण्याचा नव्हे, तर श्वास व नाडी वाढविणारा, सलग काही वेळ चालणारा. इंग्रजीत त्यास एरोबिक म्हणतात. आपण त्यास दमसासाचा व्यायाम म्हणू. भरभर चालणे, सायकल चालविणे, पोहणे, लेझीम खेळणे हे त्याचे प्रकार.

या म्हणण्यास आधार आहे. अमेरिकेत १२८ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ते सर्व रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील असून त्यांनी अद्याप औषध सुरू केलेले नव्हते. त्यांचे तीन गट केले. एका गटास चालत्या पट्ट्यावर आठवड्यातून ४ दिवस जोरकस व्यायाम देण्याचे योजिले, दुसऱ्यास मध्यम, आणि तिसऱ्याचा क्रम पूर्ववत ठेवला. रोगाची लक्षणे गुणांनी मोजतात; गुण वाढले म्हणजे रोग वाढला. ६ महिन्यांनी तिसऱ्या गटाचे गुण सरासरीने ३.२ ने वाढले, मध्यम गटाचे २ ने, आणि जोरकस व्यायामाच्या गटाचे केवळ ०.३ ने.

नेदरलँड्समधील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १३० रोगी होते. अर्ध्यांनी आपापल्या घरी एका जागी बसविलेल्या सायकलीवर आठवड्यातून ३ वेळा, ३० ते ४५ मिनिटे व्यायाम करावयाचा. इतरांनी केवळ अंग ताणण्याचा. ६ महिन्यांनी सायकलवाल्यांची प्रकृती ४ गुणांहून किंचित अधिक फरकाने उजवी ठरली. येथे दवाखान्याची भव्य यंत्रे नव्हती. घर होते, सायकल होती आणि नियम होता.

त्याच देशातील वैद्यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास १० वर्षांचा आजार. चार पावले टाकताच पाय जमिनीस खिळत. परंतु त्यास सायकलीवर बसविले की तो सुरळीत चालवीत जाई! चालणे बंद पडले म्हणजे सर्वच हालचाल संपली असे नव्हे, एवढा बोध आपण यातून घ्यावा. मात्र आपल्या मोंढ्याच्या गर्दीत कोणी रोग्यास सायकलीवर बसवू नये. एका जागी बसविलेली सायकलच त्यास योग्य.

व्यायामाने रोग समूळ बरा होतो असे मात्र मी म्हणणार नाही. तसे कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. औषध चालूच ठेवावयाचे आणि त्यास व्यायामाची जोड द्यावयाची. खाजकुहिलीच्या बियांत या रोगावरील लेव्होडोपा हे औषधद्रव्य निसर्गतःच असते हे खरे. पण म्हणून तिचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

आता पथ्ये. प्रारंभी डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा. काही रोग्यांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो. अशांनी झटकन उठू नये, आणि सूर्यनमस्कारासारखे वरखाली वाकण्याचे व्यायाम विचारल्यावाचून करू नयेत. औषधाचा अंमल चढलेला असतो त्या वेळी व्यायाम करावा. सैल चपला नकोत. पायास घट्ट बसणारे बूट असावेत. पहिल्या आठवड्यात १० मिनिटे, मग वाढवीत वाढवीत ३० मिनिटे, आठवड्यातून निदान ३ दिवस. प्रमाण ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. त्याहून अधिक जोराचा व्यायाम डॉक्टरांच्या संमतीनेच करावा. जालन्याचा वैशाख आपण जाणताच. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच मोतीबागेची फेरी उरकावी आणि पाणी भरपूर प्यावे.

भगिनींविषयी विशेष सांगतो. ‘दिवसभर घरात राबते, तिला निराळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. घरकामाने शरीर थकते, पण ते तुटक तुटक असते. त्याने श्वास व नाडी सलग वाढत नाही. आजारी आईच्या वा सासूबाईंच्या वाट्याला दिवसातील अर्धा तास तिचा स्वतःचा म्हणून आला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात चूल दुसऱ्या कोणी सांभाळली पाहिजे.

आणखी एक गोष्ट तालाची. पाय खिळला असता कोणी एक-दोन, एक-दोन म्हणावे, टाळी वाजवावी किंवा जमिनीवरील रेघ ओलांडावयास सांगावे. अनेकांचे पाऊल सुटते. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकाने कंपवाताच्या रोग्यांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. तेथीलच पार्किन्सन्स मित्रमंडळ रोग्यास ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणते. किती सुंदर शब्द! आपल्याकडे तालाची काय वाण? लेझीम आहे, वारकऱ्यांची पावली आहे, ढोलकी आहे.

आणि आपला जिल्हा कोणता? ज्या जिल्ह्यातील जांब गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला, तो. ज्यांनी गावोगाव मारुती स्थापिले आणि बलोपासना शिकविली, त्यांच्या जन्मभूमीत आपण वडीलधाऱ्यांस खुर्चीत जखडून ठेवावे, हे शोभत नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. लग्नसराई वगळता आपले सभागृह सकाळी रिकामेच असते. आठवड्यातून ३ दिवस ते तासभर शुभार्थींसाठी उघडावे. एका जागी बसविलेल्या दोन सायकली वर्गणीतून घ्याव्यात. प्रत्येकाजवळ त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी असावी, आणि तोल सावरावयास दोन-तीन तरुणांनी पाळीपाळीने उभे राहावे. एकट्याने चालविलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो. दहाजण वाट पाहत असले म्हणजे मनुष्य येतो. आणि मागच्या खोलीतील मनुष्य आपल्या माणसांत येऊन बसला, तर अर्धे काम तेथेच झाले असे मी समजेन.