बँकेचा दंड आणि आपला हिशेब



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते पासबुकाविषयी. आपल्या घरी पासबुक कुठे असते? बहुधा पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले. पिशवी जपून ठेवलेली असते. पण आतले पान कुणी उघडून वाचत नाही.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. नवरा वारला, दोन म्हशी आणि एक मुलगी एवढाच संसार. दुधाच्या पैशातून त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या बँकेत १,५०० रुपये बाजूला ठेवले होते. सहा-सात महिन्यांनी परीक्षेची फी भरायला त्या पैसे काढायला गेल्या, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने सांगितले, शिल्लक ६१५ रुपये. बाई तशाच माझ्याकडे आल्या. पासबुक पुढे ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, म्यां कुनाचं काय बुडिवलं न्हाई. मग ह्यो दंड कशापायी?"

मी नोंदी वाचल्या. सहा महिने दरमहा ११८ रुपये कापले होते. १०० रुपये दंड आणि त्यावर १८ रुपये जीएसटी. शिवाय एटीएम कार्डाचे वर्षाचे १७७ रुपये. एकूण ८८५.

आता हा दंड म्हणजे काय ते समजून घेऊ. काही बचत खात्यांत अमुक एक रक्कम ठेवलीच पाहिजे, अशी बँकेची अट असते. बाईंच्या खात्याला ती २,००० रुपयांची होती. पुष्कळ ठिकाणी ही अट महिन्याच्या सरासरी शिलकेवर मोजतात. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस ३,००० रुपये शिल्लक होती आणि वीस दिवस काहीच नव्हते, तर सरासरी किती? ३,००० गुणिले १० म्हणजे ३०,०००. भागिले ३० म्हणजे १,०००. पगार किंवा ऊसबिल जमा होऊन लगेच उचलले, की सरासरी अशी खाली येते. आणि यात आणखी एक मेख आहे. दंड कापला की शिल्लक घटते, शिल्लक घटली की तूट वाढते, आणि पुढच्या महिन्याला पुन्हा दंड. ज्याच्याजवळ कमी आहे, त्याच्याजवळचे आणखी कमी होते.

ही गोष्ट एकट्या बाईंची नव्हे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिलकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले, अशी माहिती जुलै २०२४ मध्ये संसदेत देण्यात आली. थेंबे थेंबे तळे साचते म्हणतात. इथे थेंब आपले आणि तळे बँकेचे!

पण मंडळी, बँकेची बाजूही ऐकली पाहिजे. खाते सांभाळायला माणसे लागतात, यंत्रे लागतात. अट मान्य करून आपणच अर्जावर सही केलेली असते. खात्यात पैसे नसताना चेक दिला आणि तो परत आला, तर त्याचा आकार आपल्याच चुकीचा. तेव्हा 'बँक लुटते' असे चावडीवर बसून म्हणणे सोपे, पण त्याने काही साधत नाही. विचारायचे ते एवढेच: दंड नियमाप्रमाणे लावला आहे का?

नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी व्यापारी बँकांसाठी ते काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू केले. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शिल्लक कमी पडली तर बँकेने खातेदाराला संदेशाने वा पत्राने आधी कळवले पाहिजे, आणि ती भरून काढायला निदान एक महिना दिला पाहिजे. दुसरी, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. शंभराची तूट आणि हजाराची तूट यांना एकच माप नाही. तिसरी, केवळ या दंडामुळे खाते शून्याच्या खाली जाता कामा नये. याखेरीज, जे खाते दोन वर्षांहून अधिक काळ न वापरल्यामुळे निष्क्रिय ठरले आहे, त्याला किमान शिलकेचा दंड लावता येत नाही.

मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, सातशे रुपयांपायी कुठं भांडत बसू? दोन खेपा मारल्या तर यष्टीलाच निम्मे जातील. आन् सायेब चिडला तर?"

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचा दंड इथेच मुरतो. पण हिशेब विचारणे म्हणजे भांडण नव्हे. किराणा दुकानदाराला आपण विचारतोच ना, की गुळाचे दोनदा कसे लावले? पैसा आपला आहे. विचारण्यात लाज कसली?

आम्ही एका पानाचा अर्ज लिहिला. वर खाते क्रमांक. खाली दंडाच्या सहा तारखा आणि रकमा. मग दोन साधे प्रश्न: आम्हाला आगाऊ सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर दिली? दंड कोणत्या दराने लावला? शेवटी विनंती, की सूचना दिली नसल्यास रक्कम परत जमा करावी. अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि एकीवर बँकेचा शिक्का व तारीख घेतली. ही पोच फार मोलाची.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी यंत्रात पाहून सांगितले, सूचना पाठवल्या आहेत. कोणत्या नंबरवर? तर नवऱ्याच्या. तो नंबर कधीच बंद झालेला. पण बाईंनी आदल्या वर्षीच नवा नंबर लेखी दिला होता, आणि त्याची पोच पेटीत त्याच पिशवीत होती! तेवीस दिवसांनी ७०८ रुपये परत जमा झाले. कार्डाचे १७७ मात्र मिळाले नाहीत. कार्ड त्यांनी सही करून घेतले होते, आकार अर्जात छापलेला होता. तेही योग्यच झाले.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची. २०२१ साली देशभरासाठी एकच लोकपाल योजना सुरू झाली. तिथे तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार हवीच, आणि उशीर करू नये. पतसंस्था या लोकपालाकडे येत नाहीत. त्यांच्याविषयी सहकार खात्याच्या निबंधक कचेरीत जावे.

ज्यांनी कर्ज काढले आहे त्यांच्यासाठी एक शब्द. हप्ता चुकला तर बँक दंड लावू शकते; पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचे नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि तो २०२४ साली अमलात आला. कर्जाचा उतारा मागून पाहा.

आणि सर्वांत चांगले म्हणजे दंडाची वेळच येऊ न देणे. २०१२ सालापासून बँकांत 'मूलभूत बचत ठेव खाते' मिळते. त्याला किमान शिलकेची अट नाही. जनधन खाते त्याच जातीचे. महिन्यातून चार वेळा पैसे काढता येतात. गरीब घराला तेवढे पुरे. फक्त त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये रद्द केला. कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनी २०२५ साली साध्या बचत खात्यांवरचा काढून टाकला. आपल्या बँकेत काय आहे ते एकदा जाऊन विचारा. नको असलेली जुनी खाती बंद करा. फोन बदलला तर नंबर लेखी कळवा आणि पोच घ्या.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. एखाद्या शनिवारी मुलांना घरचे पासबुक वाचायला शिकवा. जमा कोणती, वजा कोणती, हा आकार कशाचा. सातवीचे पोर घरी जाऊन आईला नोंदी वाचून दाखवील, तेव्हा तुमच्या गणिताच्या तासाचे चीज झाले म्हणायचे.

आमच्या शेजारच्या बाई आता दर महिन्याला पासबुक भरून आणतात. मुलगी ते मोठ्याने वाचते. परवा म्हणाल्या, "गुरुजी, पैसं थोडंच हायेत, पर आता कुठं हायेत त्ये ठावं हाय."

तुम्हीही आज ती पिशवी सोडा आणि शेवटचे पान वाचा.