गच्चीवरचा पूल आणि गच्चीची मर्यादा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांच्या वाटचालीबद्दल आज पुष्कळ चांगलं बोललं गेलं. मला सचिवांनी दहा मिनिटं दिली आहेत ती एका चालू विषयासाठी. उन्हाळी सुट्टीत गच्चीवर हवा भरायचा पोहण्याचा पूल लावू द्या, असा मुलांचा अर्ज कार्यकारिणीकडे आला आहे. खाली बावीस सह्या आहेत. अर्ज हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून जरा हिशेबाने बोलतो.

बँकेत कुणी उचल मागितली की आम्ही आधी खात्याची मंजूर मर्यादा बघायचो. गच्चीचीही अशी मर्यादा असते. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला आहे. आता पाण्याचा हिशेब बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चौरस मीटरभर जागेत एक सेंटिमीटर पाणी साठलं की दहा किलो झाले. म्हणजे १५ सेंटिमीटर, आपली सहा इंच, पाण्यातच मर्यादा संपली. मुलं अजून आत उतरायचीच आहेत!

अर्जात जो पूल आहे तो दहा फूट व्यासाचा, दोन फूट पाण्याचा. त्यात साधारण ४,४०० लिटर पाणी मावतं. हे झाले जवळजवळ साडेचार टन, म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर. मंजुरीच्या चौपट उचल! कुठलाही मॅनेजर सही करणार नाही.

यावर दोन प्रश्न मला जिन्यातच विचारले गेले. पहिला, "काका, कोजागिरीला शंभर माणसं गच्चीवर असतात, तेव्हा काही होत नाही." बरोबर आहे. शंभर माणसांचे सहा टन धरले, तरी ते तीन हजार चौरस फुटांवर पसरतात. चौरस मीटरला वीस-बावीस किलोच पडतात. पूल तेवढं वजन एका कोपऱ्यात ठेवतो आणि दिवसरात्र ठेवतो. दुसरा प्रश्न, "मग पाण्याची टाकी कशी चालते?" टाकीचं वजन आधीच हिशेबात धरून तिच्याखाली तुळया आणि खांब दिलेले असतात. नुसत्या स्लॅबला तो आधार नसतो. शिवाय आपली इमारत पंचवीस वर्षांची. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी करायचं असतं. मोठ्या पुलाचा हट्ट असेल तर आधी त्या इंजिनिअरचं लेखी मत घ्या.

पाण्याचंही बघा. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पुरवठ्याचा निकष आहे. एकदा पूल भरला की तेहतीस माणसांचं एका दिवसाचं पाणी गेलं, आणि तेही मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत.

मग मुलांना नाही म्हणायचं का? मुळीच नाही. पाच फुटांचा टब घ्या, चार इंच पाणी भरा. साधारण १८० लिटर, म्हणजे नऊ बादल्या. चौरस मीटरला शंभर किलो होतात. वीस-वीस किलोंची तीन मुलं बसली तरी आपण मर्यादेच्या आत राहतो. पोहणं जमणार नाही, डुंबणं झकास जमेल. मोठ्या मुलांनी पोहायला तलावावरच जावं.

आता पथ्यं. गच्ची आधी झाडून घ्या. वाळूचा एक खडा टबाचं बूड फाडतो. खाली जुनी सतरंजी घाला. भरलेला टब ओढू नका, वॉटरप्रूफिंग उखडलं तर वरच्या मजल्यावरच्यांचं छत गळेल. कठड्यापासून टब चांगला लांब ठेवा, नाहीतर फुगलेली कड मुलांची पायरी होते. हवा पायपंपाने भरा. ओल्या जागी विजेची वायर नको. वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर.

सर्वांत महत्त्वाचं, एक मोठं माणूस सतत शेजारी हवं आणि त्याचा मोबाईल खिशात हवा. लहान मूल चार इंच पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना ओरडत नाही. फोन आला, दार वाजलं, तर आधी मूल बाहेर काढायचं, मग जायचं.

खेळ संपला की पाणी त्याच दिवशी बादल्यांनी काढून कुंड्यांना घाला. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि त्याची अंडी कोरड्या कडेलाही चिकटून राहतात. म्हणून टब आतून घासा, वाळवा, घडी करून ठेवा.

गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा हे कार्यकारिणीच्या लेखी परवानगीनेच व्हावं. पाळीपाळीने देखरेख करणाऱ्या पालकांची नावं सूचनाफलकावर लावावीत. पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळचं नाव माझं लिहा. मोजपट्टी घेऊन येईन, चार इंचांच्या वर पाणी जाऊ देणार नाही!

बालमित्रांनो, तुमचा अर्ज दुरुस्तीसह मंजूर करावा अशी मी कार्यकारिणीला शिफारस करतो. पंचवीस वर्षं या गच्चीने आपल्याला सांभाळलं, पुढची पंचवीस वर्षं ती तुम्हाला सांभाळायची आहे.