कारखान्यातला सॉफ्टवेअर इंजिनिअर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याला मोबाईल आणि बँकेचे व्यवहार आठवतात. पण आज गाडीचा दरवाजा काय, विमानाचा पंख काय, आधी संगणकात तयार होतो आणि मग यंत्रावर. ते प्रोग्राम लिहिणारे आणि सांभाळणारेही सॉफ्टवेअर इंजिनिअरच.

या कामाची जोखीम किती, ते ऐका. एअरबसचं ए-३८० हे दुमजली विमान. त्यात ५०० किलोमीटरहून जास्त वायर असते. पुढचे-मागचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला तयार व्हायचे आणि जोडणी फ्रान्समध्ये तुलूझला. जोडायला गेले, तर वायरी आखूड पडल्या! डिझाईनचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे कॅटियाच होतं. पण जर्मनीत चौथी आवृत्ती, फ्रान्समध्ये पाचवी. त्यामुळे वायरींच्या मापांचा मेळ बसला नाही. पहिलं विमान ग्राहकाला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला, म्हणजे वर्षाहून अधिक उशीर.

आम्ही बँकवाले खतावणी जुळल्याशिवाय घरी जात नसू. पण आमची चूक लाल शाईनं दुरुस्त व्हायची. कापलेली वायर काही वाढत नाही.

म्हणून मुलांनो, या क्षेत्रात जाल तर आधी चार दिवस कारखान्यात उभे राहा. फिटरला विचारा, "दादा, हे बसतंय का?" त्यात कमीपणा नाही. आणि पालकांनो, मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलाला "कॉम्प्युटर का नाही घेतलंस?" म्हणून टोचू नका. इथे दोन्ही विद्या लागतात.